उष्ट्या हवेचा धनी

पॅरासाइटला भेटायचं तर थंडीत, आणि तेही रात्री. उन्हाळ्यात तो घडी होऊन कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी पडलेला असतो. दिवसाउजेडी ती घडी पाहिलीत तर कुणी टाकून दिलेलं प्लॅस्टिक समजून तुम्ही पुढे निघून जाल. जानेवारीतली रात्र हवी. अमेरिकेतल्या बोस्टनसारखं शहर हवं, जिथे पारा एकदा शून्याखाली गेला की लवकर वर यायचं नाव घेत नाही. आणि हवी एक मोठी इमारत, जिचा पंखा आतली ऊबदार हवा भिंतीतल्या जाळीतून रात्रभर रस्त्यावर टाकत असतो. मग कुणीतरी येतं, पाठीवरची घडी उलगडतं, तिची लांब नळी जाळीला अडकवतं, आणि स्वारी जागी होते.

जागं होण्याचा थाट बघण्यासारखा. आधी नळी थरथरते. मग एक कूस वर येते, मग दुसरी, मग पाठ, आणि तव्यावरच्या फुलक्यासारखा तो टम्म फुगतो. बेघर माणसाने रात्र काढायचा हा तंबू, पण आत ना खांब, ना काठी. अंगावर प्लॅस्टिकचे दोन थर आणि त्या थरांच्या मधे खेळणारी इमारतीची हवा. ती हवाच त्याला उभं करते आणि तीच आतल्या माणसाला ऊब देते. एका श्वासात दोन कामं उरकणारा असा काटकसरी गडी दुसरा सापडायचा नाही.

नाव पॅरासाइट. बांडगूळच म्हणा. कुणी आपल्या लेकराचं असं नाव ठेवावं याचं ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाईट वाटतं. त्याला स्वतःला मात्र त्याचं काही नाही. इमारतीने तापवलं, वापरलं आणि नको म्हणून बाहेर टाकलं, त्या उष्ट्यावर तो जगतो आणि तसं चारचौघांत सांगतो. चोरी मात्र करत नाही. ती हवा तो नसता तरी बाहेर जाणारच होती. तो आला म्हणून इमारतीचं बिल वाढत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक असल्याने कुणाच्याही भिंतीला पाठ टेकताना तो संकोचत नाही. भिंत विद्यापीठाची असो, बँकेची असो की सरकारी कचेरीची, त्याला जाळीशी मतलब. दारावरची पाटी तो वाचत नाही.

त्याचा जन्म १९९७-९८ च्या हिवाळ्यातला. जन्मदाता मायकेल राकोविट्झ, तेव्हा चोवीस वर्षांचा, बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये, एमआयटीत कलेचं पुढचं शिक्षण घेणारा विद्यार्थी. आईकडचे आजी-आजोबा इराकी ज्यू, १९४६ साली बगदाद सोडून अमेरिकेला आलेले. १९९७ मध्ये हा मुलगा जॉर्डनला गेला आणि तिथे त्याने वाळवंटात भटकणाऱ्या बेदुइनांचे तंबू बारकाईने पाहिले. वाऱ्याची दिशा बघून हे लोक तंबूची ठेवण बदलतात, आणि हे रोजचं काम समजतात. परत आल्यावर एका रात्री बोस्टनच्या रस्त्याने चालताना त्याला एक माणूस दिसला. एका इमारतीच्या एक्झॉस्टच्या जाळीखाली, तिथून येणाऱ्या गरम झोतात अंग मुडपून झोपलेला. हाही भटकाच, पण परिस्थितीने भटका केलेला. यालाही वाऱ्याचा रोख बघूनच पथारी टाकावी लागत होती, फक्त याचा वारा यंत्रातून येत होता. वाळवंटातला वारा आणि जाळीतला वारा त्या मुलाच्या डोक्यात एकत्र आले, आणि पॅरासाइट जन्माला आला.

पहिला अंगरखा मात्र साफ नापास झाला. राकोविट्झने तो काळ्या प्लॅस्टिकचा केला होता, कचऱ्याच्या पिशव्यांचा. विचार सरळ होता. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला आडोसा हवा, लोकांच्या नजरेपासून घटकाभर सुटका हवी. ज्यांच्यासाठी हे केलं त्या माणसांनी ते पाहिलं आणि मान हलवली. आडोशाची काळजी घर असलेल्यांना, आम्हाला काळजी जिवाची, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. रात्री रस्त्यावर निजणाऱ्याला कुणी लाथ घालून जातं, कुणी लुटतं, कुणी त्याहून वाईट काही करतं. काळ्या पिशवीत झोपलेल्याला अंगावर येणारा माणूस दिसत नाही. त्याच्यावर कुणी हात उचलला तर रस्त्याने जाणाऱ्यालाही कळत नाही. त्यांना आरपार दिसायला हवं होतं, आतून बाहेर आणि बाहेरून आतसुद्धा. एरवीही सगळं शहर त्यांना न बघता ओलांडून जात होतं. काळ्या तंबूत ते होते नव्हते तेवढेही दिसेनासे झाले असते.

झालं, पॅरासाइटने कपडे बदलले. पारदर्शक आणि दुधी प्लॅस्टिक, फ्रीजमध्ये भाजी ठेवतो तशा झिपच्या पिशव्या, चिकटपट्टी. एकूण खर्च पाच डॉलरच्या आसपास. रस्त्यावर सहज मिळणारं, फाटलं तर रस्त्यावरच्याच सामानातून सांधता येणारं. तेव्हापासून हाच त्याचा पोशाख, आणि तो मिरवावा तर त्यानेच. रात्री अंगावर दिवा पडला की आतल्या माणसाची आकृती दिसते. तो उठून बसलेला दिसतो, कूस बदलताना दिसतो, टोपी काढून उशाशी ठेवताना दिसतो. फुटपाथवरून जाणाऱ्याला मान वळवून जाण्याची सोय राहत नाही. हे त्याने मुद्दाम केलेलं आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

इथे त्याच्या बापाचंही कौतुक करायला हवं. चोवीस वर्षांचा कलेचा विद्यार्थी, डोक्यात नवी कल्पना, हातात तयार वस्तू. अशा वेळी समोरचा नको म्हणाला तर त्याला आपली कल्पना कळलीच नाही असं मानून मोकळं होणारेच जास्त. राकोविट्झने काळं प्लॅस्टिक बाजूला टाकलं आणि पुन्हा कात्री हातात घेतली. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया त्या एका नकारात आहे असं मला वाटतं.

पॅरासाइट कपड्यांच्या बाबतीत भारी चोखंदळ आहे. तयार मापाचं त्याला चालत नाही. ज्याच्यासाठी तो बनायचा त्या माणसाबरोबर आधी बसायचं, त्याला काय हवं ते विचारायचं, आकार ठरवायचा, मगच कापायला घ्यायचं. कुणाला बाहेरचं नीट दिसेल अशी खिडकी हवी, कुणाला निजायला लांबी हवी. विज्ञानकथांच्या वेडाने झपाटलेल्या एकाने तर 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या जब्बा द हटसारखा तंबू मागितला. जब्बा म्हणजे मांसाचा डोंगर, थुलथुलीत आणि बेडौल. त्याला जब्बा मिळाला. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला आपलं छप्पर कसं दिसावं याची आवड असू शकते, हट्टही असू शकतो, हे एवढं साधं सत्य आपल्या ध्यानात येत नाही. बेघरांसाठी काही करायचं म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच मापात बसवतो. एकाच रंगाची घोंगडी, एकसारख्या खाटा, दिवा मालवायची एकच वेळ. पॅरासाइट आधी विचारतो, तुला कसा हवा?

आता याचे दोष. ओळख करून देतो आहे तर तेही सांगायला हवेत. हा अतिशय परावलंबी आहे. इमारतीचा पंखा बंद पडला की याचं अवसान गळतं. आधी पाठ खचते, मग कुशी, आणि शेवटी तो आपल्या माणसाच्या अंगावर पसरून गप्प होतो. रुसला म्हणावं तर रुसायचा हक्क त्याला नाही, कारण त्याचं स्वतःचं म्हणून काहीच नाही. टिकाऊपणाही बेताचाच. टोकदार काही लागलं की फाटतो, पावसापाण्यात जुना होतो, ऋतू संपेपर्यंत थकतो. त्याच्यावर विसंबून कुणी संसार मांडावा असा तो नव्हेच, आणि तसा आव त्याने कधी आणला नाही.

तो न्यूयॉर्कला गेला तेव्हा त्याची गाठ कायद्याशी पडली. महापौर रुडी जुलियानींचा काळ. शहर टापटीप करायची मोहीम जोरात होती आणि त्या टापटिपीत रस्त्यावर झोपणारी माणसं बसत नव्हती. साडेतीन फुटांपेक्षा उंच काही उभारलं तर तो बेकायदा तंबू, असा तिथला नियम. राकोविट्झ आणि ज्याच्यासाठी पॅरासाइट बनत होता तो माणूस, दोघांनी हा नियम नीट समजून घेतला आणि माप त्याच्या आत बसवलं. पॅरासाइट बसका झाला. अकराएक फूट लांब, तीनएक फूट रुंद, आणि उंचीला कायद्याच्या एक बोट खाली. आता तो तंबू राहिला नाही. फार तर लांबरुंद झोपायची पिशवी, अंगावरच्या कपड्यांचाच वाढीव भाग. पोलीस आले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आले. टेप काढली, उंची मोजली, आकडा बघितला आणि परत गेले. आतला माणूस आतच राहिला.

या प्रसंगात पॅरासाइट जिंकला असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. वाकून घेत त्याने कायद्याला हात बांधून परत पाठवलं. पण त्या साडेतीन फुटांकडे जरा थांबून बघा. साडेतीन फुटांत मोठा माणूस मांडी घालून बसू शकतो, झोपू शकतो, रांगत आत-बाहेर करू शकतो. उभा राहू शकत नाही. शहराने त्याला शब्दांत न सांगता सांगितलं होतं की इथे राहायचं असेल तर उभं राहू नकोस. पॅरासाइटच्या बसक्या अंगात ती आज्ञा कायमची उतरली आहे. त्याच्याकडे बघताना मला आधी ती उंची दिसते, मग तो दिसतो.

बाहेर कशाला झोपायचं, सरकारी निवारे आहेत ना, असं विचारणारे त्याला रोज भेटतात. न्यूयॉर्कपुरतं बोलायचं तर प्रश्न वाजवी आहे. १९८१ साली कोर्टातल्या एका तडजोडीने त्या शहरावर बेघरांना रात्रीचा निवारा देण्याचं बंधन आलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहराने एवढं बंधन स्वतःवर घेतलेलं नाही. तरीही माणसं बाहेर झोपतात. मोठ्या हॉलमध्ये शेकडो अनोळखी लोकांत रात्र काढायची, उशाखाली ठेवलेले बूट सकाळी असतील की नाही याचा भरवसा नाही, नवरा-बायको असतील तर कधीकधी दोघांनी दोन ठिकाणी जायचं, कुत्रा असेल तर तो बाहेर. त्यापेक्षा ओळखीची जाळी बरी असं ज्याला वाटतं त्याला पॅरासाइट हटकत नाही. तिकडे का जात नाहीस म्हणून उपदेशही करत नाही.

त्याचा जुना वैरी म्हणजे तिरकी जाळी. केंब्रिजच्या हार्वर्ड चौकात जमिनीलगतच्या जाळ्यांवर लोक झोपत. खालून ऊब येई. १९९७ मध्ये तिथल्या जाळ्यांची पोलादी पट्टी मुद्दाम उतरती करून टाकली, कुणाला पाठ टेकता येऊ नये म्हणून. एवढा विचार, एवढं पोलाद, एवढी मजुरी, आणि हेतू एकच की फुकट जाणाऱ्या उबेवर कुणी निजू नये. आपल्याकडेही हे झालेलं आहे. मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेने २०१८ साली बाहेरच्या कट्ट्यावर टोकदार लोखंडी खिळे बसवले होते. लोकांनी फोटो काढून आरडाओरडा केला तेव्हा ते काढले गेले. पॅरासाइट अशा वैऱ्याशी भांडत बसत नाही. त्याला जाळीवर झोपायचंच नसतं. तो बाजूला बसतो आणि नळी पुढे करतो. जाळी कितीही तिरकी केली तरी हवा तिच्यातून यायची थांबत नाही, हे त्याने बरोबर हेरलं आहे.

घराणं मोठं आहे त्याचं. थोरल्या पातीत एक चाकांची गाडी आहे, पोलंडहून आलेल्या क्षिश्तोफ वोदिच्को या कलावंताने १९८८-८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेघर माणसांशी बोलून, त्यांच्या सूचना घेऊन केलेली. होमलेस व्हेइकल तिचं नाव. दिवसा तिच्यात विकायला गोळा केलेले डबे-बाटल्या ठेवायच्या, रात्री ती लांबवून आत झोपायचं. धातूची, टोकदार नाकाची, दिसायला रणगाड्याची धाकटी बहीण. ती रस्त्याने निघाली की लोक आपोआप बाजूला होत. वोदिच्को पुढे एमआयटीतच शिकवायला होते, तेव्हा पॅरासाइटला हा वारसा घरातूनच मिळाला. पण गाडीचा करारीपणा त्याने घेतला नाही. गाडी डोळे वटारते, पॅरासाइट नुसता फुगून बसतो. आणि त्याचं बसणंच जास्त बोचतं असं मला वाटतं.

धाकटं भावंड २००४ सालचं, व्हिएन्नातलं. त्याचं डोकं तर आणखी तल्लख. रस्त्यावर मोटार उभी करायची तर तासाचे पैसे भरा, जागा तुमची. माणूस आडवा झाला तर मात्र गुन्हा. मग या भावंडाने मोटारीचंच सोंग घेतलं. बाहेरून बघावं तर पार्किंगच्या पट्ट्यात कापडी कव्हर घातलेली गाडी, आत बघावं तर तंबू. मीटरमध्ये पैसे टाकायचे आणि मोटारीच्या हक्काने आत झोपायचं. राकोविट्झच्या घरात अशीच मुलं जन्माला येतात. नियम ती मोडत नाहीत, नियमाचा अर्थ त्याच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घेतात.

पॅरासाइटची प्रतिष्ठा वाढली ती २००५ साली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'सेफ' नावाचं प्रदर्शन भरलं, धोक्यापासून माणसाला वाचवणाऱ्या वस्तूंचं, आणि त्यात त्याला मानाने बोलावणं आलं. त्या म्युझियमच्या संग्रहातही आता त्याला कायमची जागा आहे. ज्याची उंची पोलीस टेपने मोजत होते त्याची उंची आता संग्रहालयाच्या वहीत इंचांत नोंदलेली आहे. फुटपाथवर ज्याच्या अंगाला वाटेल त्याने धक्का मारावा, त्याला इथे हात लावायचा नाही.

हे त्याला मानवलं का? माझं मत सांगतो. अंगाने मानवलं असेल, स्वभावाने मानवलेलं नाही. संग्रहालयातल्या पॅरासाइटच्या आत माणूस नसतो. माणूस नसलेला पॅरासाइट म्हणजे प्लॅस्टिकचं छान शिल्प, त्यातून येणारा उजेड सुंदर, आकार मऊ. लोक त्याच्याकडे बघून प्रसन्न होतात. फुटपाथवर त्याच्याकडे बघून प्रसन्न झालेला माणूस सापडणार नाही. तरी त्याने तिथे जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. ज्या लोकांच्या इमारती रात्रभर हवा टाकतात तेही संग्रहालयात येतात. त्यांच्यातल्या एकाला जरी घरी जाताना आपल्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरची जाळी आठवली तरी ती भेट फुकट गेली नाही.

त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आता सांगतो, कारण तो टाळून त्याची ओळख पुरी व्हायची नाही. पाच डॉलरच्या पिशवीने घराचा प्रश्न कसा सुटणार? उलट बेघरपणाला असं देखणं रूप दिलं की तो चालवून घेण्याची सवय लागते, असं म्हणणारे आहेत, आणि ते वाईट हेतूने म्हणत नाहीत. राकोविट्झने पहिल्यापासून याचं स्वच्छ उत्तर दिलं आहे. हा उपाय नाही, ही स्वस्त घरांची योजना नाही. हा तग धरण्याचा एक मार्ग आहे, आणि ज्यांना घर आहे व ज्यांना नाही त्यांच्यातलं नातं किती बिघडलं आहे ते तो मोठ्याने दाखवतो. प्रश्न नाहीसा व्हावा आणि त्याबरोबर पॅरासाइटही नाहीसा व्हावा, अशीच त्याच्या बापाची इच्छा आहे. खरे रचनाकार धोरणं ठरवणारे लोक आहेत, असंही तो सांगतो.

मला हे उत्तर पटतं, आणि पटतं ते पॅरासाइटच्या वागण्यामुळे. तो कधी घरासारखा दिसायचा प्रयत्न करत नाही. त्याला दार नाही, उंबरठा नाही, पडदे नाहीत. त्याच्या नळीकडे बघितलं की तो कुणाला बांधलेला आहे हे पोरालाही कळतं. एका टोकाला रात्रभर तापलेली, बहुधा रिकामी इमारत, दुसऱ्या टोकाला गारठलेला माणूस, आणि मधे एवढीशी नळी. विषमतेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यातले काही फार चांगले आहेत, पण ती नळी एका नजरेत जे दाखवते ते वाचायला तासन्‌तास लागतात. पॅरासाइटमध्ये राहिलेल्या काहींनाही तो निवाऱ्यापेक्षा निषेधाचं साधन वाटला. रात्री आत शिरून ते सरकारला आव्हान देत ओरडत, आम्ही जिंकलो म्हणून. पाच डॉलरच्या प्लॅस्टिकने माणसाला ओरडायचं बळ द्यावं, ही साधी कामगिरी नाही.

बाप आता मोठा झाला. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २०१८ साली त्याने खजुराच्या पाकाचे साडेदहा हजार डबे वापरून पंखांचा आसिरियन बैल उभा केला, इराकमध्ये अतिरेक्यांनी फोडलेल्या मूर्तीची आठवण म्हणून. २०२० चं नॅशर पारितोषिक त्याला मिळालं, आणि शिल्पकलेत त्याहून मोठे सन्मान थोडेच आहेत. तो बैल जगाने पाहिला. पण ज्या लेकराने त्याला पहिल्यांदा ओळख दिली ते अजून रस्त्यावरच आहे. बोस्टन, केंब्रिज, न्यूयॉर्क करत ते शिकागोलाही जाऊन पोचलं.

आणि काम कमी झालेलं नाही. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रीची मोजणी केली, तेव्हा ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त. त्याच वर्षी २८ जूनला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सार्वजनिक जागी झोपल्याबद्दल माणसाला शिक्षा करणारे नियम राज्यघटनेविरुद्ध नाहीत. त्यासाठी त्या गावाच्या निवाऱ्यात खाट शिल्लक असायला हवी अशी अट राहिली नाही. म्हणजे आता काही शहरांत पॅरासाइट साडेतीन फुटांखाली राहिला तरी त्याला उठवता येईल. पोलिसाला टेप काढायचीही गरज नाही.

तेव्हा तुमची आणि त्याची ओळख झाली आहे असं मी धरून चालतो. न्यूयॉर्कला गेलात तर त्याला जरूर भेटा. पण त्याआधी एक करा. तुमच्या ओळखीत एखादा आर्किटेक्ट असेल, बिल्डर असेल, तुमच्या सोसायटीच्या कमिटीवर कुणी असेल, तर त्यालाही याची गोष्ट सांगा. इमारतीच्या बाहेरचा कट्टा सपाट ठेवायचा की त्यावर खिळे ठोकायचे, जाळी सरळ बसवायची की तिरकी, हे कुणीतरी नकाशावर पेन्सिलीने ठरवत असतं. पेन्सिल हातात आहे तोवरच त्याला हे सांगितलेलं बरं.